पाचव्या दिवसाचा ताप



मुलांच्या रक्तवाहिन्यांचा दाह हा विषय संध्याकाळच्या व्याख्यानाला जरा जड होईल, असं आयोजकांपैकी एकांनी फोनवर मला सुचवून पाहिलं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी तापलेल्या लेकराच्या उशाशी रात्र काढलेली आहे, आणि हा विषय त्या उशापासूनच सुरू होतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे उद्या सकाळी इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या दारात रांग लागायला नको. लहान मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि तीन-चार दिवसांत आपोआप उतरतात. मी बोलणार आहे तो या चार दिवसांनंतर राहिलेल्या तापाबद्दल, आणि त्यातल्याही थोड्या मुलांबद्दल. मात्र ही थोडी मुलं वेळेत ओळखली, तर त्यांचं हृदय वाचवता येतं. म्हणून हा खटाटोप.

शरीरातली कुठलीही रक्तवाहिनी सुजू शकते. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या सुजल्या तर एक आजार, मधल्या आकाराच्या धमन्या सुजल्या तर दुसरा, अगदी बारीक वाहिन्या सुजल्या तर तिसरा. मी मधल्या धमन्यांपाशी जास्त वेळ थांबणार आहे, म्हणजे कावासाकी आजारापाशी. मुलांमध्ये नंतर होणाऱ्या हृदयविकाराचं हे एक मोठं कारण आहे, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे न वागण्यात या आजाराचा हात कोणी धरणार नाही.

तोमिसाकू कावासाकी हे टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ. जन्म १९२५चा. जानेवारी १९६१मध्ये त्यांच्याकडे सव्वाचार वर्षांचा एक मुलगा आला. ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ, मानेत गाठ, आणि पुढे बोटांच्या टोकांची सुटलेली कातडी. लोहितज्वर म्हणावा तर बसत नव्हतं, औषधांची प्रतिक्रिया म्हणावी तर तेही पटत नव्हतं. मुलगा बरा होऊन घरी गेला तेव्हा कागदावर निदान लिहिलं गेलं : अज्ञात. मला या माणसाचं सर्वांत जास्त कौतुक याच शब्दासाठी वाटतं. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर हा शब्द लिहायला डॉक्टरचा हात धजत नाही, आणि लिहिला तरी नातेवाइकांना तो चालत नाही. ‘व्हायरल’ म्हटलं की दोन्ही बाजूंचं समाधान होतं.

साधारण वर्षभराने तसंच दुसरं मूल आलं, तेव्हा पहिलं त्यांच्या डोक्यात जागं होतं. १९६२मध्ये त्यांनी अशी सात मुलं सहकाऱ्यांच्या सभेत मांडली. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग १९६७मध्ये पन्नास मुलांची नोंद ४४ पानांच्या निबंधात जपानी भाषेत छापून आली. त्यात प्रत्येक चिन्हाचं इतकं बारीक वर्णन आहे, की आजही त्यात फारशी भर घालावी लागत नाही. पण त्या निबंधाचा सूर असा होता, की आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही. पुढे १९७०च्या देशव्यापी पाहणीत दहा मुलं अशी सापडली, की जी आजारातून उठल्यासारखी वाटत असताना अचानक गेली होती. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्या फुगलेल्या, आणि त्यांत रक्ताच्या गुठळ्या. हवाई बेटांवरच्या मॅरियन मेलिश आणि राकेल हिक्स या डॉक्टरांनी जपानमधलं काम माहीत नसताना हाच आजार स्वतंत्रपणे ओळखला, आणि कावासाकींचा इंग्रजी निबंध आला तो थेट १९७४ साली.

आजार मात्र त्याहून जुना असावा. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या सॅम्युअल जी यांनी १८७१मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयाचं वर्णन करून ठेवलं आहे. त्याच्या हृदयाच्या धमन्या जागोजागी फुगलेल्या होत्या. नाव मिळण्याआधी नव्वदहून अधिक वर्षं हे हृदय वैद्यकाच्या कागदांत पडून होतं.

आता पुस्तकातलं मूल कसं असतं ते सांगतो. ताप पाच दिवस किंवा जास्त, साध्या औषधाने पुरता न उतरणारा. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. हे महत्त्वाचं, कारण डोळे येतात तेव्हा सकाळी पापण्या चिकटतात. इथे डोळा कोरडा लाल असतो, आणि बुबुळाच्या कडेला एक पांढरी रेघ बहुधा शिल्लक राहते. ओठ लालभडक, फुटलेले, कधी रक्त येणारे. जीभ स्ट्रॉबेरीसारखी, लाल आणि दाणेदार. महाबळेश्वरच्या कृपेने आपल्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. अंगावर पुरळ. तळहात-तळपाय लाल आणि सुजलेले, इतके की बाळाच्या मनगट्या रुतायला लागतात आणि चालणारं मूल पाय टेकायला तयार नसतं. मानेत, बहुधा एकाच बाजूला, दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ. ओठ आणि जीभ मिळून एकच खूण धरायची; तापासोबत या पाचांतली चार असली की निदान पक्कं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नखांच्या कडेपासून कातडीची सालं निघू लागतात. हे चिन्ह इतकं ठसठशीत की ते पाहिल्यावर शिकाऊ डॉक्टरही निदान करतो. पण उपचाराच्या दृष्टीने ते वरातीमागून घोडं आहे.

असं पुस्तकातलं मूल येतं, नाही असं नाही. पण त्याला ओळखायला व्याख्यान लागत नाही. व्याख्यान लागतं ते दुसऱ्या मुलांसाठी, ज्यांच्यात पाचांपैकी दोनच किंवा तीनच खुणा दिसतात. आणि इथे माझा मुख्य मुद्दा आहे. या खुणा हजेरी लावल्यासारख्या एकाच दिवशी एका रांगेत उभ्या राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरळ आलं, चौथ्या दिवशी मावळलं. डोळे तिसऱ्या दिवशी लाल होते, सहाव्या दिवशी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरने पाहिलं, पाचव्या दिवशी दुसऱ्याने, सातव्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी तिसऱ्याने. प्रत्येकाने आपल्यासमोरचं मूल नीट तपासलं आणि प्रत्येकाला त्यात एक-दोनच खुणा दिसल्या. सगळ्या खुणा पाहणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे आई. तिला विचारलं नाही तर ती सांगत नाही, कारण गेलेलं पुरळ म्हणजे बरं झालेलं पुरळ, असं तिला वाटतं.

त्यामुळे माझा आवडता प्रश्न असा : मोबाइलमध्ये गेल्या आठवड्यातले बाळाचे फोटो आहेत का? असतातच. मामाला पाठवलेले, आत्याला पाठवलेले. तारखेसकट लाल डोळे आणि सुजलेले ओठ त्यात सापडतात. आपली मुलं सावळी असतात, पुरळ त्यांच्या कातडीवर फिकट दिसतं आणि पिवळ्या दिव्याखाली तर दिसतही नाही, तर पुस्तकांतली छायाचित्रं बहुतेक उजळ कातडीच्या मुलांची. मुलाला खिडकीपाशी नेऊन, पूर्ण उघडं करून पाहावं लागतं. लंगोटाच्या जागेची कातडी लाल होऊन लवकर सोलते, आणि ती बघायला लंगोट काढावा लागतो.

सात महिन्यांचं एक बाळ आठवतं. आठ दिवसांचा ताप. लघवीच्या तपासणीत पू-पेशी सापडल्या होत्या, म्हणून लघवीचा जंतुसंसर्ग धरून अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू होती. कल्चरमध्ये जंतू उगवले नव्हते, तापही हटत नव्हता. पुरळ नाही, गाठ नाही. ओठ जरासे लाल, त्यावर घरच्यांनी तूप लावलेलं. बाळ मात्र कमालीचं किरकिरं. खांद्यावर घ्या, पायांवर घ्या, झोळीत टाका, कशानेच राहत नव्हतं. फाइल वाचून झाली तेव्हा कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, “याची लस पुन्हा उठलीय का बघा.” डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण लालबुंद झाला होता, भोवती रुपयाएवढं कडं. घरात सगळ्यांनी तो डास चावल्याचा डाग ठरवला होता. एकटी आजी ते मानायला तयार नव्हती.

महिन्यांपूर्वी सुकलेला बीसीजीचा वण तापात अचानक लाल होणं, सुजणं, ही कावासाकीची एक फार बोलकी खूण आहे. पाचांच्या यादीत तिला जागा नाही. अमेरिकेत मुलांना सरसकट बीसीजी देत नाहीत, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना ती पाहायला मिळत नाही. जपानमध्ये देतात, आणि आपल्याकडे तर जन्मतःच देतात. म्हणजे आपल्या देशातल्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या दंडावर ही खूण दिसण्याची जागा तयार आहे. तापलेल्या बाळाची बाही वर करून पाहायला एक पैसा लागत नाही. ती प्रत्येकाने वर करावी.

लघवीतल्या पू-पेशींनी तर कित्येकांना चकवलं आहे. त्या येतात सुजलेल्या मूत्रमार्गातून; जंतूंशी त्यांचा संबंध नसतो. म्हणूनच कल्चर कोरं येतं. लघवीत पू आहे, जंतू नाहीत आणि अँटिबायोटिकने ताप हलत नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की लघवीचा नाद सोडून द्यावा.

बाकीची सोंगंही पाहा. एखाद्या मुलात फक्त ताप आणि मानेतली गाठ दिसते, डोळे-ओठ दोन दिवसांनी लाल होतात; तोवर गाठीत पू धरून सर्जनला बोलावणं गेलेलं असतं. एखाद्याचं पोट दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांत थोडी कावीळ दिसते. सोनोग्राफीत पित्ताशय फुगलेलं, पण खडा नाही. कुणाला मेंदूज्वरासारखी मान आखडते आणि पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या असतात, जंतू नसतात. कुणाचा चेहरा एका बाजूला वाकडा होतो. कुणाचा रक्तदाब इतका उतरतो, की मूल जंतुदोषाच्या शॉकमध्ये आहे असं धरून अतिदक्षता विभागात जातं. घशाच्या नमुन्यात एखादा विषाणू सापडला म्हणून कावासाकी नाही, असंही म्हणता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. थोडक्यात, जंतू धरून केलेला उपचार लागू पडत नसेल, तर आणखी महाग अँटिबायोटिक सुरू करण्याआधी मुलाला डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा पाहावं.

यात सर्वांत फसवा आणि सर्वांत धोक्यातला रुग्ण म्हणजे सहा महिन्यांखालचं बाळ. त्याच्यात खुणा सर्वांत कमी, आणि हृदयाच्या धमन्यांना इजा होण्याची भीती सर्वांत जास्त. इतक्या लहान बाळाला कारण न सापडलेला ताप सात दिवस राहिला, तर एकही खूण नसली तरी रक्त तपासावं आणि हृदयाचा टू-डी इको करण्याचा विचार करावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. हे वाक्य मला प्रत्येक बालरुग्ण विभागाच्या भिंतीवर लावलेलं पाहायला आवडेल.

रक्ततपासणीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे पावसाळ्यानंतर प्रत्येक ताप डेंग्यूच्या चष्म्यातून पाहिला जातो. घरातल्या सगळ्यांना प्लेटलेट्सचा आकडा तोंडपाठ. डेंग्यूत तो उतरतो. कावासाकीत दुसऱ्या आठवड्यात तो साडेचार लाखांच्या वर, कधी सात-आठ लाखांवर चढतो, आणि नातेवाईक आनंदाने सांगतात, “डॉक्टर, प्लेटलेट्स मस्त वाढल्या.” त्या वाढलेल्या प्लेटलेट्स आणि फुगलेली धमनी यांतूनच गुठळी होते. बाकी, दाह दाखवणारे सीआरपी आणि ईएसआर बरेच वाढलेले, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन उतरलेलं, पांढऱ्या पेशी १५ हजारांच्या वर, यकृताचं एन्झाइम वाढलेलं. यांतली एकटी कुठलीच गोष्ट निदान करत नाही. तीन किंवा जास्त एकत्र आल्या, की अर्धवट दिसणाऱ्या आजारामागे पूर्ण आजार असण्याची शक्यता वाढते. आणि पहिला इको स्वच्छ आला म्हणून सुटका झाली असंही नाही. धमनी आठवड्याभराने फुगलेली दिसू शकते, म्हणून तो पुन्हा करावा लागतो.

ही घाई कशासाठी? लहान बाळाच्या हृदयाची धमनी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असते. दाहाने तिच्या भिंतीतले लवचीक थर तुटतात आणि ती फुगते. काही मुलांत ती आठ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद होते. उपचार झाला नाही तर शंभरातल्या सुमारे पंचवीस मुलांच्या धमन्यांना अशी इजा होते. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिलं, तर हे प्रमाण चार-पाचांवर येतं. १९८४मध्ये जपानमधून आणि १९८६मध्ये अमेरिकेतून हे दाखवलं गेलं, आणि १९९१पासून किलोमागे दोन ग्रॅम, एकाच सलाइनमध्ये, ही पद्धत रुळली. ताप उतरला म्हणजे आजार गेला, हे इथे लागू नाही. उपचाराविना ताप दोन-तीन आठवड्यांत आपसूक उतरतो, आणि धमनी मात्र फुगलेलीच राहते. असं मूल पुढे पळतं, खेळतं, शाळेत जातं. तरुणपणी हृदयविकाराचा झटका आलेल्या एखाद्याच्या अँजिओग्राफीत जुन्या, चुन्याने कडक झालेल्या फुगवट्या सापडतात, तेव्हा त्याची आई आठवून सांगते, की लहानपणी याला खूप दिवस ताप होता.

आता पैशांचं बोलू. दहा किलोच्या बाळाला वीस ग्रॅम म्हणजे पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून बनणारं हे औषध स्वस्त नाही. हातावर पोट असलेल्या बापाला ही रक्कम ऐकवणं जड जातं. पण आधी आठ दिवस घातलेल्या अँटिबायोटिकचं, तपासण्यांचं, खाटेचं बिल मांडून पाहिलं, तर उशिराचं निदान अधिक महाग पडलेलं असतं. जिल्हा रुग्णालयात हे औषध नेहमी शिल्लक असावं, हे मी या व्यासपीठावरून मागतो. इम्युनोग्लोब्युलिननंतर अकरा महिने गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी पुढे ढकलाव्या लागतात, कारण त्या आधी दिल्या तर लागू पडत नाहीत. आशाताई आणि नर्सताई इथे बसल्या आहेत. अशा बाळाच्या कार्डावर ‘लस चुकवली’ असा शेरा मारू नका.

दहा ते वीस टक्के मुलांत पहिल्या डोसने ताप जात नाही; त्यांना दुसरा डोस, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब लागतं. तो तज्ज्ञांचा प्रांत आहे, त्यात आज जात नाही.

हा आजार आपल्याकडे आहे तरी किती? जपानमध्ये पाच वर्षांखालच्या लाख मुलांत दरवर्षी तीनशेहून अधिक. आपल्याकडे चंडीगडच्या पीजीआयमध्ये प्रा. सुरजित सिंग आणि सहकाऱ्यांनी चिकाटीने मोजणी केली. पंधरा वर्षांखालच्या मुलांत १९९४मध्ये लाखामागे ०.५१ आणि २००७मध्ये ४.५४. तेरा-चौदा वर्षांत नऊ पट. आजार वाढला की ओळखणारे वाढले? दोन्ही थोडंथोडं असेल, पण माझं झुकतं माप दुसऱ्या कारणाला. जिथे एक जाणता विभाग आहे तिथे रुग्ण सापडतात. महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांत ते सापडत नाहीत, म्हणजे तिथे नाहीत असं मी धरत नाही.

एप्रिल २०२०च्या अखेरीस इंग्लंडमधून इशारा आला, की मुलांमध्ये कावासाकीसारखं काहीतरी दिसतंय, पण मुलं मोठी आहेत, पोट जास्त दुखतंय आणि हृदय दमतंय. मागोमाग इटलीतल्या बर्गामोने तेच सांगितलं, आणि काही आठवड्यांत मुंबईतही अशी मुलं दिसू लागली. कोरोनाचा संसर्ग होऊन दोन ते सहा आठवड्यांनी उसळणारा तो दाह होता. त्या दिवसांत कावासाकी हे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत रोज छापून येत होतं, आणि ५ जून २०२० रोजी वयाच्या ९५व्या वर्षी खुद्द कावासाकी गेले. आजाराचं मूळ कारण त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. आपल्यालाही अजून सापडलेलं नाही.

उरलेल्या दोन आजारांबद्दल थोडक्यात. बारीक वाहिन्यांचा दाह, ज्याला आयजीए व्हॅस्क्युलायटिस किंवा जुन्या नावाने हेनॉख-शोनलाइन म्हणतात, त्यात पायांवर आणि कुल्ल्यांवर हाताला लागणारे जांभळट ठिपके येतात, आणि ते आले की निदान सोपं. पण काही मुलांत ठिपक्यांच्या आधी, कधी दोन आठवडे आधी, पोटात कळा येतात. मुलगा असेल तर अंडकोष सुजतो, आणि पीळ पडल्याच्या संशयाने मूल शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतं. पीळ असेल तर थांबता येत नाही, त्यामुळे सर्जनला दोष देऊ नये. फक्त भूल देण्याआधी मुलाच्या पोटऱ्या आणि कुल्ले कुणीतरी पाहावेत. आणि बरं झाल्यावर पुढचे सहा महिने अधूनमधून लघवी तपासावी, कारण मूत्रपिंडाला इजा झाली तर ती दुखत नाही.

महाधमनीचा ताकायासू आजार याहून अबोल. मूल महिनोन्‌महिने बारीक तापाने खंगतं, ईएसआर वाढलेला असतो, आणि आपल्याकडे साहजिकच क्षयावर संशय जातो. एका हाताची नाडी लागत नाही, किंवा रक्तदाब भलताच वाढलेला असतो. पण तो कळणार मोजला तर. मुलांचा रक्तदाब आपण मोजत नाही. लहान मापाचा पट्टा दवाखान्यात नसतो, असला तर कपाटात असतो. मुलांमधल्या उच्च रक्तदाबामागे मूत्रपिंडाची धमनी अरुंद झालेली असेल, तर ताकायासू हे त्याचं आपल्या देशातलं एक मोठं कारण आहे. दोन्ही हातांची नाडी, जांघेतली नाडी आणि एकदा रक्तदाब, याला पाच मिनिटं लागतात.

पालकांना एवढंच सांगायचं आहे. तापाची वही ठेवा. कोणत्या तारखेला किती ताप, त्या दिवशी डोळे, ओठ, अंग, हातपाय कसे होते, ते दोन शब्दांत लिहा आणि उजेडात फोटो काढा. डॉक्टर बदललात तर नव्या डॉक्टरला आधीचे कागद दाखवा, लपवू नका. पाचव्या दिवशीही ताप असेल तर “व्हायरल आहे ना?” असं विचारू नका, “कावासाकी असू शकेल का?” असं विचारा. डॉक्टरमित्रांनो, हा प्रश्न ऐकून रागावू नका. बाळाची बाही वर करा, दंड पाहा, आणि शंका राहिली तर त्याच दिवशी इकोसाठी पाठवा.